हवा म्हणे

कुठलीही गोष्ट तालमीशिवाय करायची नाही, हा उल्हास रिसबुडांचा नियम होता. खाणीत इंजिनिअर असताना त्यांनी सुरुंग उडवायच्या तालमी घेतल्या. मुलीच्या लग्नात अंतरपाट किती उंच धरायचा याचीही तालीम घेतली. आजोबांच्या, म्हणजे कवी मुरलीधर रिसबुडांच्या जन्माला रविवारी दीडशे वर्षं पूर्ण होत होती. मग शनिवारी दुपारी झूमवर रंगीत तालीम होणार हे ओघानंच आलं.

पॅरामॅटातल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर मिक्सरचं खोकं, त्यावर लॅपटॉप, आणि मागे कवींचा फोटो अशी मांडणी झाली होती. फोटोतले मुरलीधरपंत पगडी घालून, ओठ मिटून, समोरच्याचं ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यासारखे बघत होते. सिडनीतला लॉकडाउन कडक होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची मुभा नव्हती, त्यामुळे हाराला सुपरमार्केटमधली शेवंती चालवून घ्यावी लागली होती. फोटोला घातल्यापासून तो हार उल्हासराव सारखा सरळ करत होते.

शुभदाताई ओट्यापाशी उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या. उद्या काय फुटणार आहे ते घरातल्या तिघींना माहीत होतं आणि उल्हासरावांना नव्हतं. तिघींतल्या एक त्या स्वतः. दुसरी त्यांची मुलगी चारुता, ती कॅनबेरात, गुंगालिनला. तिसरी खिडकीतल्या उन्हात पाय सोडून बसली होती, उल्हासरावांची थोरली बहीण श्यामला.

श्यामलाताई गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याहून तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि पंधरवड्यात विमानं बंद झाली. आता त्यांचा इथला दुसरा हिवाळा सरत आला होता. बाईंनी उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेली. दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडलं तरी कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय तिथली. भाऊ त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. आजोबांच्या मांडीवर त्या खेळल्या होत्या, त्यानं फक्त फोटो पाहिला होता. आजोबांविषयी भाषणं मात्र तोच करायचा.

"शांतता," उल्हासराव म्हणाले, जरी कुणीच बोलत नव्हतं. "सुरुवातीला कवितावाचन. मी म्हणतो."

आणि 'खाजणगीते' या संग्रहातली, पुण्यातल्या दोन पिढ्यांनी शाळेत पाठ केलेली कविता त्यांनी डोळे मिटून म्हटली.

*खाऱ्या पाण्यावर आले, खाऱ्या पाण्यात विरले,*
*माझ्या आईचे ते गाव, पाण्यापल्याड उरले.*
*हवा म्हणे बाई आता, तोंड कुठे गं मी धुऊ,*
*एक समुद्र डोळ्यांत, दुजा कशात गं ठेवू.*

स्क्रीनच्या एका चौकटीत सिद्धार्थ होता, त्यांचा मुलगा. तो कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. पश्चिम ऑस्ट्रेलियात करोना जवळजवळ नव्हता आणि राज्याच्या सीमा बंद होत्या, त्यामुळे तो हॉटेलात जेवू शकत होता, सिनेमा पाहू शकत होता, फक्त आईबापांना भेटू शकत नव्हता. दुसऱ्या चौकटीत चारुता, मागे पुस्तकांचं कपाट.

"मस्त, बाबा," सिद्धार्थ म्हणाला. "थोडं स्लो घे."

"नंतर प्रमुख पाहुणे, प्राध्यापक गुरुदत्त सर. ते 'हवा म्हणे' या प्रतीकावर बोलतील. त्यांचं अख्खं आयुष्य गेलंय त्या हवेत." उल्हासरावांनी घसा साफ केला. "पुण्यातल्या नव्या सभागृहाला आजोबांचं नाव द्यायचं ठरतंय. त्या समितीचे अध्यक्ष सरच आहेत, तेव्हा त्यांना मध्येच कुणी म्यूट करू नका. आणि शेवटी चारुताच्या कादंबरीची घोषणा. पणजोबांच्या जीवनावर पणतीची इंग्रजी कादंबरी. मेलबर्नचा प्रकाशक. चारू, नाव काय ठेवलंस पुस्तकाचं?"

"बाबा, ती पणजोबांवर नाहीये."

"म्हणजे पणजीवर? चालेल. हल्ली ते बरं दिसतं."

"हवाबीवर आहे."

"कोण हवाबी?"

उत्तर खिडकीतून आलं. "अरे, मुरुडला आपल्या वाडीत सुपारी सोलायला यायची ती. सिद्दी होती. तिच्या आईला लहानपणीच जहाजातून आणलेलं, आफ्रिकेहून. गाणी तिचीच ना."

"कुठली गाणी?"

"ही काय. आत्ता म्हणालास ती. पुस्तकातली सगळी."

श्यामलाताईंनी हे दूध कुठल्या डेअरीचं आहे ते सांगावं तसं सांगितलं. स्क्रीनवर सिद्धार्थ इतका स्तब्ध झाला, की उल्हासरावांना वाटलं नेट अडकलं.

"ताई," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हवा म्हणजे वारा. वारा बोलतो अशी कल्पना आहे. चेतनगुणोक्ती अलंकार. मला शाळेत मास्तरांनी उभं करून विचारलं होतं, कवीचा नातू म्हणून. पैकीच्या पैकी मार्क होते त्याला."

"अलंकार कसला डोंबलाचा. नाव आहे ते. आदमची बायको हवा, तिच्यावरून ठेवतात त्यांच्यात. संतांच्या अभंगात शेवटी नाव येतं ते कळतं ना तुला? मग हे कसं नाही कळत?"

"बरं, गाणी तिची असती तर आजोबांनी नाव का ठेवलं असतं आत? चोरी करणारा खूण ठेवून जातो?"

"नाव काढलं की ओळ लंगडी व्हायची. मास्तर होते आजोबा. एक वेळ बाईला विसरतील, मात्रा चुकवणार नाहीत."

शुभदाताईंना हसू आलं. त्यांनी ते नळ सोडून लपवलं.

"आणि हे इतकी वर्षं कुणी बोललं नाही?" उल्हासरावांचा आवाज चढला.

"सगळ्या मुरुडला माहीत होतं, सांगायचं कुणाला? मुरुडला आजोबा मास्तर होते. ते गेल्यावर वाडी विकून आपण पुण्याला आलो, तिथे ते कवी झाले. तू इकडे आल्यावर महाकवी झाले. मला कुणी विचारलंच नाही. पहिल्यांदा विचारलं ते चारूनं, गेल्या हिवाळ्यात."

"शुभदा! ऐकतेयस ना हे?"

शुभदाताईंनी नळ बंद केला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. खोटं बोलायचं तर आत्ताच, आणि खरं बोलायचं तरीही आत्ताच. "ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "वन्संना कमी ऐकू येतं, त्या फोन स्पीकरवर ठेवतात. तुम्ही तेव्हा चालायला जायचात."

"म्हणजे वर्षभर तुला माहीत होतं?"

"तुम्हाला आवडलं नसतं."

"आता आवडतंय का?"

सिद्धार्थनं मध्ये पडायचं ठरवलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या स्टीअरिंगला फोन टेकवून तो बसला होता. रागावलेल्या नातेवाइकांना शांत करायचं काम तो रोज करायचा, आणि त्यात एकच नियम होता, वयानं मोठ्या माणसाच्या बाजूनं सुरुवात करायची. "चारू, उद्याच कशाला पण? टाइमिंग बघ ना. बाबा दोन महिने राबतोय. सभागृहाचं फायनल होऊ दे, मग सांग की निवांत."

"सभागृहाला नाव लागल्यावर सांगू? सिड, सीरियसली?"

"म्हणजे तुमच्याकडे प्रूफ काय आहे? आत्याला आठवतंय एवढंच ना? आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती."

"बरोबर बोलतोय तो," उल्हासराव म्हणाले. मुलगा आपल्या बाजूचा आहे हे पाहून त्यांना जोर आला, आणि त्या जोरात ते एक पाऊल जास्त पुढे गेले. "आणि जरा डोकं वापरा. 'एक समुद्र डोळ्यांत'! ही कल्पना बघा. आवारात बसून सुपारी सोलणाऱ्या एका सिद्दी बाईला हे सुचणार? अक्षरओळख तरी होती का तिला? अशा बाईला जमेल होय हे?"

पार्किंगमध्ये सिद्धार्थ सरळ बसला. त्यानं हे वाक्य ऐकलं होतं. एकदा नाही, दर दिवाळीला.

"बाबा, कालगुर्लीच्या पबची गोष्ट सांग."

"आत्ता तिचं काय?"

"सांग ना. तू नवीन आला होतास. खाणीत हवा खेळती ठेवायचा नकाशा तू काढलास. साहेबानं वर स्वतःचं नाव घातलं. तू पबमध्ये म्हणालास की हे माझं काम आहे, तर ते काय म्हणाले?"

उल्हासराव मागे वळून हार सरळ करू लागले.

"म्हणाले, तुझ्यासारख्या काळ्याला जमेल होय हे. आणि सगळे हसले. मी तो पब रोज बघतो जाता-येता. अजून आहे."

"ते वेगळं होतं."

"कसं?"

"तो नकाशा खरंच मी काढला होता!"

उल्हासरावांनी स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मीटिंग बंद केली. तालीम संपली.

*

गुंगालिनला तळ्याकाठच्या वाटेवर चारुता झपाझप चालत होती. कॅनबेरातही आता लॉकडाउन होता. व्यायामासाठी बाहेर पडता यायचं तेवढंच. वारा असा होता की कान दुखत होते. तरी तिला बरं वाटत होतं. सिड आपल्या बाजूनं आला, ह्याचं तर फारच. तिनं पॅरामॅटाला आत्याला फोन लावला.

"बाबा काय करतोय?"

"बाल्कनीत बसलाय. जेवला मात्र नीट."

"आत्या, मी माघार घेणार नाही. तिचं नाव शंभर वर्षं दडपलं. कुणीतरी बोलायला हवं." चारुताला आपला आवाज आवडला. "कादंबरीची सुरुवात मी तुला सांगितलीच नाही ना? ती आवारात मान खाली घालून बसलेय. बोटं सोलवटलेली. पडवीत पणजोबा टाक घेऊन बसलेत. ती गाते आणि तिला माहीतही नाही की तिचा शब्द न् शब्द कुणी टिपून घेतंय."

"मान खाली? हवाबीची?" आत्या फोनमध्ये इतक्या जोरात हसल्या की चारुतानं फोन कानापासून लांब धरला. "अगं, ती माझ्या आजीला पान लावायला सांगायची! आणि टिपून घेताहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं. आजोबा पडवीत आले की मुद्दाम मास्तरांवरची गाणी सुरू करायची. त्यांच्या नाकावर एक होतं, शेंडीवर एक होतं. आजोबा टाक खाली ठेवून बसायचे. ती चालू झाली की आम्ही पोरं लोळायचो. पुस्तकात नाहीत ती."

चारुता थांबली. तिच्या कादंबरीत हवाबी एकदाही हसली नव्हती. तीनशे पानं सोसत होती.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू दुःखाचंच विचारायचीस. तुला रडू यायचं. म्हटलं, बरं, येऊ दे." मग आत्यांनी सहज विचारलं, "पुस्तकावर नाव कुणाचं येणार?"

"कव्हरवर? माझंच. म्हणजे लेखिका म्हणून. चारुता रिसबूड."

"हं," आत्या म्हणाल्या.

त्या हुंकारात काहीच नव्हतं. चारुता तळ्याच्या कठड्याला टेकली. एक माणूस मास्क लावून कुत्रा फिरवत गेला आणि तिला लांबून वळसा घालून गेला.

"आत्या, तिचं कुणी आहे का गं? मुलं-नातवंडं?"

"नात आहे की. सकीना. हेडमिस्ट्रेस होती मुरुडला, आता रिटायर झाली. दर वर्षी मला सुपारी तीच पाठवते."

"तुझ्याकडे तिचा नंबर आहे?" चारुताचा आवाज चिरकला. "वर्षभर मी तुला रोज फोन करतेय!"

"तू गाणी विचारलीस, चारू. माणसं नाही विचारलीस."

*

रविवारी सकाळी उल्हासराव नदीकाठी एकटेच चालून आले. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. साऱ्या वाटेवर ते कविता मनात म्हणत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना नीट म्हणता येईना. वाऱ्याला आई कुठली? आईचं गाव कुठलं? आणि तोंड कुठे धुऊ, म्हणजे वाऱ्याला तोंड असतं का? इतकी वर्षं त्यांनी, त्यांच्या मास्तरांनी, सबंध पुण्यानं वाऱ्याला तोंड धुवायला लावलं होतं, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं. आजोबांचा राग आला असता तर सोपं झालं असतं. तो येईना. लाज वाटत होती, पण तीही कालच्या स्वतःच्या वाक्याची.

घरी आल्यावर ते शुभदाताईंना म्हणाले, "कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे ठरल्याप्रमाणे." आणि ते हार सरळ करायला गेले.

शुभदाताईंनी मुलांना मेसेज केला, 'बाबा ऐकणार नाहीत.' सिद्धार्थनं लिहिलं, 'मग मी बोलतो शेवटी.' चारुतानं लिहिलं, 'नको. मी माझी घोषणाच कॅन्सल करतेय. कारण नंतर सांगते.' सिद्धार्थला काही कळेना. काल ज्या बहिणीसाठी त्यानं बापाशी वाकडं घेतलं, ती आज स्वतःच माघार घेत होती.

चार वाजता साठ-सत्तर चौकटी जमल्या. पुणे, सिडनी, मेलबर्न, एक कुणी दुबईहून पोळ्या लाटता लाटता. उल्हासरावांनी कविता म्हटली. मग प्राध्यापक गुरुदत्त आले. कॅमेरा खालून लागल्यामुळे सरांचं कपाळ आणि पंखा एवढंच दिसत होतं, पण वाणी स्वच्छ होती.

"मित्रहो, ही हवा कुठून येते? कवी म्हणतो, 'माझ्या आईचे ते गाव, पाण्यापल्याड.' आपले मोसमी वारे येतात कुठून? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून! म्हणजे हवेचं माहेर आफ्रिका! एका खेड्यातल्या शिक्षकाला शंभर वर्षांपूर्वी ही भौगोलिक जाण असावी, ही प्रतिभा नव्हे तर काय?"

उल्हासराव थक्क होऊन ऐकत राहिले. खरी गोष्ट सरांच्या दारात येऊन उभी होती, त्यांनी तिला पत्ता विचारला, आभार मानले आणि पुढे गेले.

मग आभाराची वेळ आली. उल्हासरावांनी टाइप केलेला कागद उचलला. कागदावर प्रायोजक, मंडळ, तांत्रिक साहाय्य, सगळं क्रमानं होतं. उल्हासरावांनी तो पाहिला आणि खाली ठेवला.

"आजोबांना प्रत्यक्ष पाहिलेली एकच व्यक्ती आज हयात आहे," ते म्हणाले. "माझी ताई. तिला मी आजवर कधी व्यासपीठावर बोलावलं नाही. ही कविता मूळ कशी होती ते ती सांगेल. मी... मला नीट सांगता येणार नाही. ताई, ये."

हे तालमीत नव्हतं. श्यामलाताई खिडकीतून उठून आल्या, खुर्चीत बसल्या, स्क्रीनवरच्या चौकटींकडे टेलिफोनच्या बोर्डाकडे बघावं तसं बघू लागल्या.

"ही कविता नाही, गाणं आहे," त्या म्हणाल्या. "सुपारी सोलताना म्हणायचं." आणि त्यांनी म्हटलं. आवाज थरथरत होता, पण चाल पक्की होती. टेबलावर त्यांची बोटं ठेका धरत होती, एक ठोका मोठा, दोन लहान. उल्हासरावांनी पाठ केलेल्या त्या हळव्या ओळी ठेक्यावर चढताच उठून उभ्या राहिल्यासारख्या झाल्या. "हवा म्हणे" आलं तेव्हा श्यामलाताई थांबल्या. "हवा म्हणजे वारा नव्हे हो, सर. हवाबी. आमच्या वाडीत यायची. सिद्दी होती, काळीभोर, उंच. हे तिचं नाव आणि हे तिचं गाणं. आजोबांनी लिहून घेतलं, अक्षर सुरेख होतं त्यांचं."

सगळे गप्प झाले. सगळेच म्यूटवर होते, त्यामुळे ती शांतता धक्क्याची होती की सोयीची, ते कळायला मार्ग नव्हता. दोन चौकटी गेल्या. दुबईच्या बाईनं लाटणं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, त्याही बिनआवाजी.

सगळ्यांत आधी सर बोलले. "मी माझ्या एका जुन्या लेखात 'हवा' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याकडे लक्ष वेधलंच होतं," त्यांचं कपाळ म्हणालं. "अर्थात, सभागृहाच्या नावाबाबत समितीला पुन्हा बसावं लागेल."

"बसा," श्यामलाताई म्हणाल्या.

*

कार्यक्रम संपला, पण चारुता आणि सिद्धार्थ आपापल्या चौकटींत तसेच राहिले. "बाबा," सिद्धार्थ एवढंच म्हणाला. रागावलेल्या नातेवाइकांसाठी त्याच्याकडे वाक्यं होती, अशा वेळेसाठी नव्हती.

"सभागृह गेलं," उल्हासराव म्हणाले.

"जाऊ दे. तिथे एसी चालत नाही म्हणे," शुभदाताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. कालपासून पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांनीही तो राहू दिला.

"मी प्रकाशकाला थांबायला सांगितलंय," चारुता म्हणाली. "पुस्तक पुन्हा लिहावं लागेल. माझी हवाबी चुकलीय. आणि आधी तिच्या घरच्यांना विचारायला हवं, हे वर्षभर माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्या, सकीनाताईंना आत्ता लावशील? तिकडे दुपार असेल."

श्यामलाताईंनी आपला फोन काढला आणि सवयीप्रमाणे स्पीकरवर ठेवला. तिसऱ्या रिंगला पलीकडून मोठा, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला.

"श्यामलाताई! अजून तिकडेच अडकलात का? यंदाची सुपारी तुमच्या नावानं ठेवलीय मी."

श्यामलाताईंनी सगळं सांगितलं. कार्यक्रम, गाणं, चारुताची कादंबरी. चारुतानं स्क्रीनवरून माफी मागायला सुरुवात केली. ती माफी तिनं सकाळपासून जुळवली होती, ती लांब होती. सकीनानं ती अर्ध्यावर थांबवली.

"लिहिलंत ते चांगलं केलंत. पण छापायच्या आधी मला वाचून दाखवा. माझी आजी कशी होती ते मी सांगेन. खोटं निघालं तर नापास करीन, सांगून ठेवते. गाणं कुठलं म्हणालात?"

श्यामलाताईंनी म्हणून दाखवलं. पलीकडे सकीना पहिल्या ओळीपासून सोबत म्हणू लागली. शेवटाला दोघींचे आवाज वेगळे झाले.

"'दुजा कशात गं ठेवू' नाही हो," सकीना म्हणाली. "आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की बायका अजून म्हणतात. 'एक समुद्र डोळ्यांत, दुजा परत मी देऊ.' आजी तसंच म्हणायची. कशात ठेवू म्हणून रडणारी बाई नव्हती ती. ज्यानं आणलं त्याला परत देऊ, असं आहे ते."

श्यामलाताईंनी कपाळाला हात लावला. "हो की गं. असंच होतं. पुस्तक वाचून वाचून मीसुद्धा विसरले."

उल्हासरावांनी ओळ मनात म्हणून पाहिली. मात्रा बरोबर होत्या. यमकही आजोबांच्यापेक्षा चांगलं जुळत होतं.

"पण ह्या पुस्तकाचं मला माहीत नव्हतं," सकीना पुढे म्हणाली. "तुम्ही सारखे कवी रिसबूड, कवी रिसबूड म्हणताय. कोण ते? मुरुडचेच का? मी इथे पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, कधी कानावर आले नाहीत."

फ्लॅटमध्ये सगळ्यांनी उल्हासरावांकडे पाहिलं. पुण्यात, मुंबईत, सिडनीत, कालगुर्लीच्या पबमध्येसुद्धा त्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर वीस मिनिटांचं होतं. ते फोनपाशी वाकले.

"माझे आजोबा," ते म्हणाले. "मास्तर होते तिथल्या शाळेत. समुद्राच्या बाजूला आमची सुपारीची वाडी होती."

"अच्छा, ती वाडी!" सकीनाचा आवाज एकदम ओळखीचा झाला. "मग असं सांगा ना सरळ. जिथे माझी आजी गायची, ती."

"हो," उल्हासराव म्हणाले. "तीच."